स्विफ्टला ट्रॅकसाठी सस्पेन्शन बसवायचंय, पण रोज चालवायची नागपुरातच

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट, रनिंग ६२,००० किलोमीटर, रोज मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी जाणं-येणं. वर्षातून दोन-तीनदा ट्रॅक डे, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस, करायची हौस आहे, एक करूनही झाला. तिथे गाडी वळणात फार झुकली आणि पुढून सरळच पळाली. बजेट सव्वा लाख. विचारलंय, "कॉइलओव्हर घेऊ की लोअरिंग स्प्रिंग? घरचे म्हणतात, गाडी टोचायला लागली तर आम्ही बसणार नाही." (कॉइलओव्हर म्हणजे उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी, लोअरिंग स्प्रिंग म्हणजे गाडी खाली बसवणारी आखूड स्प्रिंग.)

भाऊ, घरच्यांचं म्हणणं आधी ऐका. चेष्टा नाही करत. त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं तेच मी पुढे लांबण लावून सांगणार आहे. हिंगणा रोडला बावीस वर्षं गाड्यांच्या खाली काढली, त्यातली शेवटची दहा-अकरा बहुतेक सस्पेन्शनच्याच कामात. त्यामुळे उत्तर मोठं होईल, चहा घेऊन बसा.

तुम्ही विचारलं कोणतं सामान घेऊ. माझ्या लेखी प्रश्न वेगळा आहे. चाकाला वर-खाली जायला कंपनीने जी जागा दिली आहे, तिच्यातली किती जागा तुम्ही विकायला तयार आहात? आम्ही तिला ट्रॅव्हल म्हणतो. स्प्रिंग, शॉकअप, कॉइलओव्हर हे सगळे त्या जागेचे दलाल समजा. सौदा चांगला करून देतात किंवा वाईट, पण जागा तुमचीच जाते. आणि एकदा ती गेली की नागपूरच्या रस्त्यावर पैसे देऊनही परत मिळत नाही.

दुसरं, झुकणं आणि पुढून सरळ पळणं या दोन तक्रारी तुम्ही एकाच दमात सांगितल्या आहेत. त्या एकमेकींच्या नात्यातल्या आहेत, पण एक नाहीत. झुकणारी गाडीसुद्धा वळण छान पकडू शकते. अजिबात न झुकणारी गाडी पुढून घसरत कडेच्या मातीत गेलेली मी पाहिली आहे. दोन्हींचे इलाज वेगळे, आणि सरळ पळण्याचा इलाज बराच स्वस्त आहे.

आता थोडं परिस्थितीवर. ट्रॅक कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. आपलं गाव देशाच्या मधोमध, झिरो माइलचा दगड आपल्याकडे, म्हणून सगळे ट्रॅक आपल्याला सारखेच लांब. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट हजार-अकराशे किलोमीटर, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅकही तेवढाच, कोइम्बतूरचा कारी त्याहून पुढे. बुद्ध सर्किट ५.१ किलोमीटरचं, रुंद, गुळगुळीत, किलोमीटरभराचा सरळ पट्टा असलेलं. तिथे स्विफ्टला सस्पेन्शनच्या आधी ब्रेक कमी पडतात. चेन्नईचा ३.७ किलोमीटरचा, कारी त्याहून लहान. लहान ट्रॅकवर गाडी सतत या कुशीवरून त्या कुशीवर होत असते, तिथे शॉकअपची खरी परीक्षा. पण तुमच्यासाठी मोठा मुद्दा हा की गाडी ट्रेलरवर जाणार नाही. तुम्हीच ती चालवत नेणार, दिवसभर पिदडणार आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने परत येणार. म्हणजे तीस-चाळीस लॅपसाठी येऊन-जाऊन बावीसशे किलोमीटर हायवे. सेटिंग ठरवताना हे आकडे डोळ्यांसमोर ठेवा.

हे मान्य असेल तर पहिलं काम नवीन सामान घेणं नाही. ६२,००० किलोमीटरमध्ये गाडीचं काय झालंय ते आधी बघायचं. मागच्या उन्हाळ्यात अशीच एक स्विफ्ट आली होती, रनिंगही जवळपास तेवढंच. मालकाने कॉइलओव्हरची किट डिकीत घालूनच आणली होती. म्हटलं, आधी जुनं उघडू. पुढच्या स्ट्रटचं, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाचं, रबरी बूट वर सरकवलं तर आतला बंपस्टॉप, म्हणजे शॉकअप पूर्ण दबला की शेवटी ज्याला टेकतो तो पिवळसर फोमसारखा ठोकळा, भाकरीच्या चुऱ्यासारखा हातात आला. दांड्यावर तेलाची ओल आणि तिच्यावर धूळ बसून काळी पेस्ट झालेली. दांडा खाली दाबून सोडला तर तिथेच राहिला, वर यायचं नाव नाही. लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या हाताच्या, मागच्या रबरी बुशला टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून हलवलं तर रबर आणि लोखंड यांच्यामध्ये नख जाईल एवढी चीर. लिंक रॉडचा बॉल खुळखुळत होता. ही गाडी वळणात झुकणार नाही तर काय करणार? तिचं सस्पेन्शन कंपनीचं उरलंच नव्हतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि डांबर त्याहून तापतं. या भट्टीत रबर लवकर म्हातारं होतं.

त्या मालकाला मी किट बसवू दिली नाही. कंपनीचे नवे शॉकअप, स्ट्रट माउंट, बंपस्टॉप, आर्मचे बुश, लिंक रॉड आणि अलाइनमेंट, एवढंच केलं. गाडी घेऊन तो रिंग रोडला एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "बाप्पा, ही तर वेगळीच गाडी आहे." किट नंतर त्याने विकली. तुमचंही असंच होईल अशी हमी देत नाही. पण तुमची पहिली तुलना 'जुनं थकलेलं विरुद्ध नवं महागडं' अशी होऊ नये. त्यात महागडं नेहमीच जिंकतं आणि दुकानदार खुश होतो.

बुश बदलताना एक गोष्ट मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहून करून घ्या. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर असताना, चाकं लोंबकळत असताना, शेवटचे आवळायचे नाहीत. आतली नळी रबराला चिकटलेली असते, ती आवळली की रबर त्या स्थितीत धरलं जातं. मग गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोनदा दाबून बसू द्यायची आणि मग टॉर्क रेंच. पुढे कधी स्प्रिंग बदलून गाडीची उंची कमी केली, तर हे परत करावं लागतं. दहापैकी आठ ठिकाणी हे होत नाही, आणि शिव्या बुशच्या कंपनीला बसतात.

आता ट्रॅव्हल मोजायची रीत. एक बारीक केबल टाय घ्या, दोन-पाच रुपयांचा. पुढच्या शॉकअपच्या दांड्याभोवती घट्ट बांधा, बूट वर सरकवून, शॉकअपच्या नळीला टेकून. गाडी चाकांवर उभी असताना केबल टायपासून बंपस्टॉपपर्यंत किती मिलिमीटर आहे ते लिहून ठेवा. मग आठवडाभर नेहमीसारखी चालवा. ऑफिस, भाजी, रविवारी घरचे चौघे बसून कुठे गेलात तर तेही. शॉकअप दबला की केबल टाय दांड्यावर वर ढकलला जातो आणि तिथेच अडकून राहतो. आठवड्याने बघा, कुठवर गेला. बहुतेक जण हे केल्यावर गप्प होतात. कारण कंपनीच्या उंचीवरसुद्धा, चार माणसं बसवून एखाद्या कॉलनीतल्या गतिरोधकावरून गेलं की केबल टाय बंपस्टॉपला भिडलेला असतो. म्हणजे कंपनीने दिलेली जागा तुम्ही आत्ताच शेवटपर्यंत वापरताय. तिच्यातून ४० मिलिमीटर विकायचे तर कुठून विकणार?

गतिरोधकांचं तर काय सांगावं! रस्ते बांधणीच्या मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितला आहे, ताशी २५ च्या वेगाने सुखाने ओलांडता यावा असा. आपल्या गल्लीत कोणाच्या तरी उरलेल्या सिमेंटचा घातलेला असतो, रुंदी हातभर. तुमच्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. ४० ने खाली घेतली तर उरले १२३, तेही रिकाम्या गाडीत. मागे दोघं आणि डिकीत सामान आलं की सायलेन्सरचा पाइप रस्त्याशी बोलायला लागतो.

लोअरिंग स्प्रिंगवरचा माझा मोठा आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. गाडी खाली घेतली की कमी झुकेल, हे सगळे धरून चालतात. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत ते अर्धंच खरं आहे. गाडीखाली डोकावून लोअर आर्म बघा. कंपनीच्या उंचीवर तो जवळपास आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी बरीच खाली घेतली की तोच आर्म चाकाकडे चढता होतो. त्यामुळे रोल सेंटर, म्हणजे बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो, झपाट्याने खाली जातो. गाडीचं वजन ४० मिलिमीटर खाली आलं, पण हा बिंदू त्याहून जास्त खाली गेला. दोघांतलं अंतर वाढलं, म्हणजे गाडीला झुकवणारी दांडी लांब झाली. आता स्प्रिंग फारशी कडक नसेल तर गाडी पहिल्यापेक्षा जास्त झुकते. शिवाय आर्म चढता असला की चाक दबताना कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा उभा कल, नको त्या दिशेला जातो आणि स्टिअरिंग खड्ड्यावर आपोआप ओढायला लागतं. म्हणून माझ्याकडे नियम आहे, रोज चालणारी हॅचबॅक २० ते २५ मिलिमीटरपेक्षा खाली घ्यायची नाही. चाकाच्या कमानीतली पोकळी दिसते आणि डोळ्याला खुपते, हे मला समजतं. पण त्या पोकळीतच तुमचं सस्पेन्शन राहतं.

स्प्रिंग कापणाऱ्यांसाठी एवढंच, मीही कापली आहे. माझ्या पहिल्या जुन्या हॅचबॅकची मागची, ग्राइंडरने, एक अख्खा वेढा. सहा कामाच्या वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग २० टक्के कडक होते, हे गणित मला तेव्हाही येत होतं आणि त्यावर मी फार खुश होतो. कळमेश्वरच्या वाटेवर एका उंचवट्यावरून गाडी जराशी हवेत गेली, चाक खाली लोंबलं आणि आखूड झालेली स्प्रिंग आपल्या जागेवरून निसटून तिरकी बसली. खाली आल्यावर जो आवाज झाला तो अजून कानात आहे. मागून ट्रक येत नव्हता म्हणून हे लिहितोय.

स्प्रिंग किती कडक असावी, यासाठी थोडं गणित मांडतो, कारण नागपूरचा मुद्दा इथेच येतो. चाक आणि ब्रेकचं वजन वगळून, ड्रायव्हरसकट, स्विफ्टच्या पुढच्या एका कोपऱ्यावर अंदाजे २६० किलो येतात असं धरा. चाकापाशी कडकपणा मिलिमीटरला २ किलो असेल तर तो कोपरा सेकंदाला साधारण १.४ वेळा वर-खाली डोलतो. ही झाली साध्या कौटुंबिक गाडीची चाल. ४ किलो केला तर जेमतेम २ वेळा. बऱ्याच जणांना वाटतं दुप्पट स्प्रिंग म्हणजे दुप्पट चाल. तसं नाही, चाल दुप्पट करायला स्प्रिंग चौपट लागते. म्हणजे २.८ वर जायला ८ किलो. निव्वळ ट्रॅकच्या गाड्या २ ते २.५ च्या पट्ट्यात, कधी त्याहून वर असतात, आणि तिथे ते शोभतं.

आता आपले सिमेंटचे रस्ते डोळ्यांसमोर आणा. सिमेंट रस्त्यात साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. नवा असतो तेव्हा कळत नाही. खालची काळी माती पावसात फुगून उन्हाळ्यात आक्रसली आणि स्लॅबची कड किंचित उचलली गेली, की दर साडेचार मीटरला एक टप्पा बसतो. सेकंदाला १.४ वेळा डोलणाऱ्या गाडीचा ताल या टप्प्यांशी जुळतो तो ताशी २३ च्या आसपास, आणि त्या वेगाला धक्का मामुली असतो. २.८ वाल्या गाडीचा ताल जुळतो ताशी ४५ ला. शहरात तुम्ही दिवसभर चालवता तोच वेग! गाडी प्रत्येक सांध्याला मान डोलावते, एकावर एक धक्के साठत जातात, शॉकअप तापतो, आणि मागे बसलेली आई म्हणते, मी रिक्षाने येते. गाडी तीच असते आणि ट्रॅकवर सुरेख चालते, पण वर्धा रोडला छळते, त्याचं कारण बहुतेक वेळा हे. म्हणून रस्ता आणि ट्रॅक दोन्ही हवे असतील तर मी पुढे १.७ ते १.९ च्या मध्ये थांबतो. तुमच्या गाडीत तो आकडा चाकापाशी मिलिमीटरला ३ ते पावणेचार किलोच्या आसपास येतो. किटच्या खोक्यावर ६ किंवा ७ लिहिलेलं दिसलं तर ते तुमच्यासाठी नाही, ब्रँड कितीही मोठा असो.

स्प्रिंग बदलली की शॉकअप तिच्या जोडीचा हवा. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर तितकाच ताबा राहायला शॉकअपचा जोर सुमारे १.४ पट लागतो. जुने शॉकअप तसेच ठेवून वर फक्त नव्या कडक स्प्रिंगा बसवल्या की गाडी टोचतेही आणि उसळतेही, दोन्हीतलं वाईट तेवढं पदरात. मला विचाराल तर सस्पेन्शनमधला पैसा शॉकअपमध्ये घाला, स्प्रिंगमध्ये नाही. चांगला शॉकअप कशाला म्हणायचं? दांडा सावकाश सरकतो तेव्हा, म्हणजे ब्रेक मारताना, वळणात शिरताना, तो घट्ट धरतो. दांडा झटक्यात सरकतो तेव्हा, म्हणजे खड्ड्यात किंवा सांध्यावर, तो वाट देतो. इथे वेग म्हणजे दांड्याचा वेग, गाडीचा नाही. ताशी १२० ने समृद्धीवर जाताना दांडा जवळजवळ शांत असू शकतो आणि ताशी २० ने सीताबर्डीच्या एखाद्या खड्ड्यात तो गोळीसारखा पळतो. स्वस्त किटमध्ये सावकाश हालचालीचा ताबा आणायला झटक्याची वाटही बंद करून टाकतात. बाहेरून त्यावर बत्तीस क्लिकचा नॉब लावलेला असतो. नॉब फिरवला की सगळंच एकदम कडक, सगळंच एकदम मऊ. जाता जाता, क्लिक नेहमी पूर्ण कडक करून तिथून मागे मोजावे, ते टोक पक्कं असतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: आधी म्हातारं सामान बदला, केबल टायने ट्रॅव्हल मोजा, गाडी २५ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली घेऊ नका, आणि स्प्रिंगपेक्षा शॉकअपवर खर्च करा.

आता गाडी पुढून सरळ का पळते. स्विफ्टचं इंजिन पुढे, ड्राइव्ह पुढे, वजनातलं साठ टक्क्यांहून जास्त पुढे. स्टिअरिंग, ब्रेक, ओढ ही तिन्ही कामं पुढच्या दोन टायरच्या डोक्यावर. वळणात गाडी तीन अंश झुकली की बाहेरचं चाकही रस्त्याच्या हिशेबाने बाहेर कलतं आणि टायर फक्त बाहेरच्या कडेवर चालतो. ट्रॅकवरून आल्यावर तुमच्या पुढच्या टायरची बाहेरची कड बघा. खांद्यावरची नक्षी घासून गोल झाली असेल आणि आतली बाजू कोरी असेल, तर निदान झालं. इलाज कॅम्बर. तुमच्या गाडीत स्ट्रट नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला, दोन बोल्टने जोडलेला असतो. वरच्या बोल्टच्या जागी विक्षिप्त बोल्ट, ज्याला दुकानात कॅम्बर बोल्ट म्हणतात, घातला की चाक वरून आत कलवता येतं. दोन्ही बाजूंना उणे दीड अंशापर्यंत घ्या, टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं, शून्यावर ठेवा. खर्च काही हजारांत. कॅम्बरने टायर आतून खातो असं सगळे म्हणतात, पण दीड अंशाला रोजच्या गाडीत फारसा खात नाही. टायर खरा खातो तो चुकलेल्या टोने. अलाइनमेंटवाला स्क्रीनवर नुसतं हिरवं दाखवून सोडतो, तसं चालवून घेऊ नका. प्रिंट घ्या, आकडे बघा, आणि सीटवर तुमच्या वजनाएवढं काहीतरी ठेवायला लावा. मी तांदळाची पोती ठेवतो, अलाइनमेंटवाले हसतात.

दुसरा इलाज मागे आहे. मागचा टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई, स्वतःच अँटी-रोल बारसारखं, म्हणजे झुकणं रोखणाऱ्या दांड्यासारखं, काम करतो. मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोड्या जास्त प्रमाणात कडक केली की झुकण्याचा भार मागची बाजू उचलते, पुढच्या टायरना उसंत मिळते आणि गाडी वळायला लागते. वळणात मागचं आतलं चाक जमिनीपासून दोन बोटं उचललं जाईल. घाबरू नका, पुढे ओढणाऱ्या गाडीत ते चालतं. पण अति करू नका. मागून हलकी झालेली गाडी ट्रॅकवर मजा देते, आणि जुलैच्या पावसात रिंग रोडच्या उतरत्या वळणावर, कोणी आडवं आलं म्हणून तुम्ही दचकून ॲक्सिलरेटर सोडला, की मागचा भाग पुढे यायला बघतो. घरची गाडी आहे, इतर लोकही चालवणार. म्हणून मी तुमच्या जागी मागे फार हात लावणार नाही.

तिसरा इलाज तुम्हाला आवडणार नाही. पहिल्या ट्रॅक डेला ज्यांची गाडी सरळ पळते, त्यातल्या बहुतेकांनी ब्रेक उशिरा मारलेला असतो, मग घाबरून स्टिअरिंग जास्त फिरवलेलं असतं आणि वर ॲक्सिलरेटर दिलेला असतो. टायर बिचारा एकच. एक सेशन एखाद्या इन्स्ट्रक्टरला बाजूला बसवा. त्याची फी कोणत्याही किटपेक्षा कमी पडेल.

टायरवर थोडकं. सव्वा लाखातला मोठा वाटा चार चांगल्या टायरचा असावा, कंपनीच्याच मापाचे, पण चांगल्या पकडीचे. मोठा रिम, पातळ टायर नको. टायरची उंची हीसुद्धा ट्रॅव्हलच आहे, खड्ड्याचा पहिला धक्का तीच खाते. हवा मात्र स्वतःच्या गेजने बघा. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की सुमारे १ पीएसआय चढतं. आपल्याकडे सकाळी सातला भरलेली हवा मे महिन्याच्या दुपारी तशीच राहत नाही आणि ट्रॅकवर तर चार-पाच लॅपमध्येच चढते. प्रत्येक सेशननंतर पिटमध्ये गरम टायरची हवा मोजा, चढलेली काढा, आणि परतीला निघण्याआधी, टायर थंड झाल्यावर, पुन्हा भरा. हे शेवटचं विसरून कमी हवेवर हजार किलोमीटर हायवे मारणारे मी पाहिले आहेत.

ब्रेकचं तुम्ही विचारलं नाही, तरी सस्पेन्शनच्या आधी ब्रेक ऑइल बदला. डॉट ४ तेल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं मात्र १५५ वरच उकळू शकतं. दोन पावसाळे खाल्लेलं तेल घेऊन बुद्ध सर्किटच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी पॅडल फरशीला टेकलं, तर तिथे कोणतंही सस्पेन्शन कामाला येत नाही.

कागदाचंही एक सांगून ठेवतो. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी या वापराला संरक्षण नसतं. ट्रॅकवर ठोकली तर खर्च स्वतःचा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ नोंदणीपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन घालतं. कंपनीच्या जोडीचे शॉकअप बदलणं ही दुरुस्ती झाली. गाडी जमिनीला टेकवणं म्हणजे चौकात पोलिसाला हात दाखवायचं आमंत्रण.

मग कॉइलओव्हर कधीच नको का? तसं नाही. तुम्ही वर्षाला सहा-आठ ट्रॅक डे करणार असाल, घरात दुसरी गाडी असेल, आणि किट उंची वेगळी आणि स्प्रिंगचा ताण वेगळा लावता येणारी असेल, म्हणजे खालची नळी फिरवून उंची बदलली तरी ट्रॅव्हल तेवढाच राहील अशी, तर जरूर घ्या. पण तशी चांगली किट लाखाच्या घरात जाते, आणि मग टायर, बुश, ब्रेक यांना काही उरत नाही. उंचीच्या नटाने स्प्रिंग दाबून 'कडक केली' म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. नट आवळल्याने गाडी उंच होते, स्प्रिंग कडक होत नाही.

तुमच्या दोन-तीन ट्रॅक डेसाठी माझा क्रम असा. या महिन्यात थकलेलं सामान, ब्रेक ऑइल आणि पॅड, कॅम्बर बोल्ट आणि नीट अलाइनमेंट. पुढच्या ट्रॅक डेआधी टायर. तो ट्रॅक डे करून या. त्यानंतरही बाहेरची कड घासली जात असेल, सलग वळणांत गाडी सावरायला उशीर करत असेल, तर चांगले गॅसचे शॉकअप आणि २० मिलिमीटरच्या बेताच्या स्प्रिंगा, जोडीनेच. माझा अंदाज आहे की तोवर बजेटमधले पैसे उरतील आणि घरचे गाडीतच बसतील.

तूर्तास एवढंच करा. केबल टाय आणा, दोन्ही पुढच्या शॉकअपला बांधा, आठवडाभर चालवा. रविवारी चौघं मिळून तर्री पोहे खायला जाऊन या. मग डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा वेगवेगळा लिहा, आणि पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेचा उजेडात काढलेला फोटो टाका. डाव्या-उजव्यात पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर स्प्रिंगचं आपण बोलायचंच नाही, आधी तो एक शॉकअप उघडू.